चुका काढणारा माणूस

आमच्या ह्यांनी छत्तीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासली. लोकांना वाटायचं, केवढा वाचणारा माणूस! खरं सांगायचं तर ह्यांनी आयुष्यात एकही पुस्तक वाचलेलं नव्हतं. ओळीखाली पट्टी धरायची, शब्दान् शब्द ताडून पाहायचा, चूक दिसली की लाल शाई. गोष्टीत कोण मेलं, कोण जगलं विचारलंत तर म्हणणार, "अठ्ठेचाळीस चुका होत्या."

आणि मी कोण, तर शाळेची ग्रंथपाल. मुलांनी एक पान वाचायचं, पुस्तक मिटायचं आणि काय दिसलं ते सांगायचं. त्या दिवशी दुसरं पान नाही. शाळेत माझं नाव होतं, घरात मात्र दिव्याखाली अंधार.

दोघंही निवृत्त झालो तेव्हा मी हट्टच धरला. रोज दुपारी एक पान, ह्यांनी मोठ्याने वाचायचं. संसार तर झालाच होता. मला ह्या माणसाबरोबर एक तरी गोष्ट जगायची होती.

पहिलं पान संपल्यावर विचारलं, "काय दिसलं?"

"दोन स्वल्पविराम खाल्लेत."

"अहो, अंगणात कोण बसलं होतं?"

"कुठलं अंगण?"

पंधरा दिवस हेच. शेवटी मी चिडून पट्टी काढून घेतली. चेहरा एवढासा झाला. "हात रिकामा वाटतो गं," म्हणाले.

"मग माझा धरा."

ह्या वयात लाजले की हो!

हळूहळू एका पानाला अर्धा तास लागायला लागला. मध्येच थांबून म्हणायचे, "ही मावशी पोरीला सांगून का टाकत नाही, तुझी आई मीच म्हणून?"

मावशी सांगते ते पान आलं आणि मला एकदम आठवलं. पुस्तक माझं जुनंच. त्या पानावर छापखान्याने घोडचूक केली होती, मावशीच्या जागी चारदा आत्या छापली होती. आता हे थांबणार, लाल शाई मागणार आणि माझ्या सगळ्या मेहनतीवर पाणी.

हे वाचत गेले. चारही वेळा मावशीच म्हणाले. मी चूक दाखवली नाही. मेले तरी दाखवणार नाही.

चष्मा पुसत म्हणाले, "उद्याचं पान आत्ताच वाचलं तर चालेल का गं?"

इतक्या वर्षांत मी एकाही मुलाला ही सूट दिली नव्हती. पान मीच उलटलं.