ऐंशी किलो आणि एक झाकण

इस्पितळाच्या तिसऱ्या मजल्यावर मावशींना सगळे ‘क्रेन’ म्हणत. तोंडावर नव्हे, पण मावशींना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही. पेशंटला कुशीवर वळवायचं, खाटेवरून स्ट्रेचरवर घ्यायचं, स्ट्रेचरवरून खुर्चीत बसवायचं, हे त्यांचं काम. वय सत्तेचाळीस, उंची बेताची. दोन वर्षांपूर्वी पाठ धरली तेव्हा डॉक्टरांनी ‘थोडा व्यायाम करा’ म्हणून सांगितलं. मावशींना थोडं काही करता येतच नाही. त्या समोरच्या तळघरातल्या जिममध्ये शिरल्या आणि तिथल्याच झाल्या. बघता बघता जमिनीवरून ऐंशी किलोचा बार उचलायला लागल्या.

आणि एके दिवशी ऐंशी उचलवेना. मग पंच्याहत्तरही उचलवेना. हाताच्या पकडीतून बार निसटायला लागला.

दुसरी कुणी असती तर ‘वय झालं’ म्हणून गप्प बसली असती. मावशींना वडील आठवले. वडिलांच्या हातातली ताकद अशीच गेली होती. सुरुवात झाली कॉफीच्या बरणीपासून. ‘आज फार घट्ट लागलंय गं’ म्हणत त्यांनी बरणी लेकीपुढे धरली, आणि तीन वर्षांनी त्यांच्या शर्टाची बटणं लावायलाही तीच लेक लागू लागली. नसांचा आजार. घराण्यात उतरू शकतो, असं तेव्हाच्या डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं.

मावशींनी हे कुणाला बोलून दाखवलं नाही. रोज सकाळी गुपचूप स्वतःची परीक्षा घ्यायच्या. कॉफीच्या बरणीचं झाकण धरायचं आणि पिळायचं. ते एका झटक्यात निघायचं, की जीव भांड्यात पडायचा. संध्याकाळी जिममध्ये बार हलला नाही, की जीव पुन्हा टांगणीला. मग घाबरलेलं माणूस जे करतं तेच त्यांनी केलं, व्यायाम वाढवला. पाच सेटचे आठ केले, आठवड्यातल्या तीन दिवसांचे सहा. जितकं भ्यायल्या तितकं राबल्या, आणि जितकं राबल्या तितका बार जड झाला.

शेवटी एकट्याच जाऊन तपासणी करून आल्या. डॉक्टरांनी हातात सुया टोचून पाहिल्या आणि म्हणाले, “नसा ठणठणीत आहेत तुमच्या.” मावशींना हायसं वाटलं, पण जिना उतरेपर्यंतच. नसा ठणठणीत, तर मग ऐंशी का हलत नाही?

जिममधली ताई मावशींहून चौदा वर्षांनी लहान होती, पण तिथे शिकवणारी म्हणून ती ताई. मावशींनी त्या दिवशी तिच्यासमोर सगळं ओकून टाकलं, वडिलांसकट. ताईने ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, “कामावर दिवसातून किती वेळा उचलता?”

“ते काय मोजायचं? ते काम आहे, व्यायाम थोडाच!”

“उद्या मोजून या.”

मोजायचं कसं? हात रिकामे कुठे असतात! मावशींनी अ‍ॅप्रनच्या उजव्या खिशात कापसाचे बोळे भरले. एक पेशंट हलवला, की एक बोळा डाव्या खिशात. दुपारपर्यंत डावा खिसा उशीसारखा फुगला. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, “मावशी, कापूस पळवताय की काय?” ड्यूटी संपल्यावर मावशींनी बाकावर बोळे पसरून मोजले. एकशे अठरा भरले. स्वतःचाच विश्वास बसेना, म्हणून पुन्हा मोजले.

ताई हसली नाही, उलट चिडली. “एकशे अठरा वेळा माणसं उचलून यायचं, वर इथे आठ सेट मारायचे आणि मग ऐंशीलाही हात घालायचा? एक ना धड भाराभर चिंध्या! मावशी, खूप वेळाही उचलायचं आणि खूप जडही उचलायचं, असं एकाच अंगाला रोज झेपत नाही. खूप वेळा तुम्ही वॉर्डात उचलता. इथे थोड्या वेळा आणि जड, बस. आणि पुढचा आठवडा तोंड दाखवू नका.”

तो आठवडा मावशींना चैन पडली नाही. झोप मात्र छान लागली. त्यानंतर आठवड्यातून दोनच दिवस जिम, तेही मोजून तीन सेट, तीन-तीनदाच. मावशींना चोरी केल्यासारखं वाटायचं. चौथ्या आठवड्यात ताईने न विचारता ऐंशी लावले. बार उठला. गुडघ्यांवरून वर गेला आणि मावशी ताठ उभ्या राहिल्या. बार खाली ठेवून त्या तिथेच मॅटवर बसल्या आणि घळाघळा रडल्या. मला बाबांचं ते दुखणं झालेलं नाही, एवढंच मनात चाललेलं होतं. घरी येऊन त्यांनी नवऱ्याला अगदी सहज सांगितलं, “आज ऐंशी उचलले हं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉफीच्या बरणीचं झाकण पिळलं, तर ते हलेना.

काल ऐंशी किलो, आणि आज झाकण? त्या बरणी हातात धरून तशाच उभ्या राहिल्या.

“आज घट्टच आहे ते,” मागून नवरा म्हणाला. तो चष्म्याच्या दुकानात दिवसभर बारीक स्क्रू पिळतो, बोलायला तसा कंजूष. “मी सैल नाही केलं.”

“म्हणजे?”

“रोज रात्री करून ठेवायचो. तू सकाळी ते पिळून हात तपासत होतीस, बघितलं होतं मी एकदा. बाबांचं मलाही आठवतंच की.” तो खाली बघत म्हणाला. “काल ऐंशी म्हणालीस. म्हटलं, आता कशाला?”

मावशींना आधी राग आला. इतके महिने ज्या झाकणाच्या जिवावर त्या कामाला जात होत्या, ते नवऱ्याने सैल करून ठेवलेलं! मग लक्षात आलं की हा माणूसही तितकेच महिने भीत होता, आणि तोही एकटाच. त्यांनी पदराने हात पुसले, बरणी छातीशी धरली आणि दम लावून पिळली. झाकण कटकन निघालं.

दोघांची कॉफी झाली. मावशींनी झाकण परत लावलं, होता तेवढा जोर लावून आवळलं आणि बरणी नवऱ्यापुढे सरकवली.

“घ्या, उघडा आता तुम्ही.”

त्याला ते उघडलं नाही.