डिझेलवाढीचा अर्ज

मी स्वतःच्या ट्रकचा मालक आहे. म्हणजे ड्रायव्हर, क्लिनर आणि रस्ताभर शिव्या खाणारा मीच; मालक तेवढा कागदावर. डहाणूत चिकूचे कॅरेट भरायचे आणि वाशीच्या बाजारात उतरवायचे, हा आमचा धंदा. डिझेल वाढलं की जगातलं सगळं वाढतं, भाडं मात्र जागचं हलत नाही. त्याची तब्येत नाजूक असावी.

गेल्या हंगामात डिझेल पुन्हा चढलं आणि आम्ही पाच गाडीवाले एक झालो. हा चमत्कारच, कारण एरवी एकाने भाडं वाढवून मागितलं की दुसरा कमी सांगून माल उचलतो. या वेळी सगळे थांबले ते सरावलीच्या काकांसाठी. काका माझ्या वडलांच्या वयाचे, मला स्टिअरिंग धरायला त्यांनीच शिकवलं. त्यांच्या गाडीचे पुढचे दोन्ही टायर गुळगुळीत झाले होते. भाड्यावर डिझेलवाढ वेगळी मिळाली तर टायर घेऊ, नाहीतर गाडी विकून टाकू, असं ते चहा पिताना बोलून गेले.

माल देणारा व्यापारी बोलायला साखर. "भाई, मी कुठे नाय बोलतो? लिहून द्या. सोबत पंपाची बिलं लावा, रीतसर काम करू."

आमच्यात बारावी पास मी एकटा. झालं, चढलो हरभऱ्याच्या झाडावर. दोन दिवस खपून अर्ज लिहिला. 'महोदय', 'सविनय', 'इंधन दरवाढीचा असह्य भार', सगळं यथासांग. पाचही जणांची बिलं तारीखवार लावून टाचली. काकांनी तो दोनदा वाचून घेतला आणि म्हणाले, "आता देतो बघ तो."

इथे आमची एक हुशारी सांगायला हवी. आम्ही डहाणूत डिझेल भरत नाही. तलासरीच्या पुढे हद्द ओलांडली की गुजरातचा पंप लागतो, तिथे लिटरमागे थोडं स्वस्त. वाशी दक्षिणेला आणि पंप उत्तरेला. तरी आम्ही रिकामी गाडी उलटी हाकत नेतो, टाकी फुल करतो आणि सरकारला फसवल्याच्या तोऱ्यात परत येतो. या फेरीत जळणारं डिझेल कोणी मोजत नाही. रीत आहे, आणि रीतीला कोण बोल लावणार?

व्यापाऱ्याने अर्ज बाजूला ठेवला आणि बिलं एकेक करून उलटली. मग चष्मा काढून पुसला. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

"भाडं ठरवलं ते डहाणूच्या भावाने," तो म्हणाला. "तुम्ही सगळे भरता तिकडे. तिकडचा आजचा भाव म्हणजे इकडचा जुना भाव. मग वाढ कसली? आजपर्यंत मीच जास्त दिले ना?"

"शेठ, तिकडे जायलापण डिझेल लागतं," काका म्हणाले.

"मी सांगितलं होतं जायला?"

फिर्यादी मी, वकील मी आणि फासाचा दोरही मीच वळून नेलेला, वर सविनय. भाडं कमी केलं नाही, हे त्याने उपकार म्हणून तीनदा ऐकवलं. दुसऱ्या दिवशी आमची एकी त्याच जुन्या भाड्यात माल भरायला रांगेत उभी होती. त्यात मीही होतो, आणि मला स्वतःची लाज वाटत होती.

काकांनी महिन्याभरात गाडी विकली. घेतली त्याच व्यापाऱ्याने. नवे टायर टाकले आणि चालवायला पगारावर काकांनाच ठेवलं.

परवा ते डहाणूच्याच पंपावर भेटले. शेठने इथेच भरायला सांगितलं होतं. उलट्या फेऱ्यांत डिझेल जाळणं त्याला परवडत नाही म्हणे. इतके दिवस मी त्यांची नजर चुकवत होतो. त्या दिवशी शेवटी बोललो, "काका, माझ्या अर्जानं तुमची गाडी गेली."

काकांनी पंपवाल्याकडून बिल घेतलं, घडी करून खिशात ठेवलं आणि केबिनमध्ये चढले.

"गेली कुठे रे? मीच तर चालवतो. उतरल्यावर चावी देऊन यायची, एवढंच."