काच न लावलेलं दुकान

आमच्या गल्लीत चहा तोंडानं सांगायची पद्धत नव्हती, हातानं सांगायची होती. जालन्याच्या जुन्या बाजारातली ही गल्ली. कापड, भांडी, किराणा, एक शिंपी, एक तेलाचं दुकान, आणि बरोबर आमच्या कापडदुकानासमोर काकाजींचं चहाचं हॉटेल. गिऱ्हाईक गादीवर टेकलं की दुकानदार समोर बघून ओरडायचा, "काकाजी, दोन चहा पाठवा!" हे ओरडणं गिऱ्हाइकाच्या कानांसाठी असायचं. खरा निरोप हात द्यायचा. बोटं उघडी असली तर तेवढे चहा यायचे. मूठ मिटलेली असली तर काहीच यायचं नाही. कापडाची दहा थानं उलगडायला लावून हात झटकत उठणारं गिऱ्हाईक अनुभवी दुकानदाराला लांबून ओळखू यायचं. त्याच्यासाठी मूठ. मग "काय बुवा, आज चहाला उशीर," अशी हळहळ करायची, आणि गिऱ्हाईक मान मिळाल्याच्या समाधानात निघून जायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. आमच्याकडं ती एका कपाला महाग होती.

ही लबाडी मला कुणी शिकवली नव्हती. मी पिंपळगाव रेणुकाईजवळच्या खेड्यातली, शेतकऱ्याघरची. लग्न होऊन आले तेव्हा बाजार म्हणजे मला आठवड्याचा बाजार माहीत. शहाऐंशी-सत्याऐंशीच्या सुमारास सासऱ्यांचे गुडघे गेले आणि आमचे हे माल आणायला सुरतेला जायला लागले, तेव्हा त्या चार-पाच दिवसांत गादीवर बसणार कोण, हा प्रश्न आला. मी म्हटलं, मी बसते. सासरे म्हणाले, गल्लीत बाई बसत नाही. मी म्हटलं, मग दुकान बंद ठेवा. माझा स्वभाव तेव्हाही असाच होता. दुकान उघडलं गेलं.

तिसऱ्याच दिवशी जाफराबादकडची मंडळी लग्नाचा बस्ता बांधायला आली. बस्ता म्हणजे नवरीच्या शालूपासून मामाच्या टोपीपर्यंत लग्नाची सगळी कापडखरेदी एका बैठकीत. पंधरा माणसं गादीवर मांडी घालून बसली. मला आनंदानं काही सुचेना. हातात कापड मोजायचा लोखंडी गज होता, तो तसाच उंचावून मी ओरडले, "काकाजी, पंधरा चहा!" आला नाही. परत ओरडले. तिसऱ्यांदा तर सगळी गल्ली वळून बघायला लागली इतक्या मोठ्यानं ओरडले. समोर काकाजी स्टोव्हपाशी उभे, माझ्याकडं बघतायत, आणि ढिम्म. शेवटी पाहुण्यांतले एक म्हातारे आजोबा उठले. "चला रे. इथं चहाचं बी इचारून न्हाई राह्यले." पंधराच्या पंधरा माणसं उठून कोपऱ्यावरच्या दुकानात गेली.

मी पदर खोचला आणि तरातरा रस्ता ओलांडला. गल्लीतली बाई हॉटेलाच्या पायरीवर चढल्याचं ते पहिलंच दर्शन असावं. काकाजी मूळचे राजस्थानकडचे, तीन पिढ्या जालन्यात गेलेल्या, पिळदार मिशा, खांद्यावर पंचा. मी त्यांना नको नको ते बोलले. ते माझ्या तोंडाकडं टक लावून बघत राहिले. माझं संपल्यावर म्हणाले, "बाई, तुमीच तर मूठ दाखवून राह्यल्या व्हत्या. एकदा न्हाई, तीनदा. मी म्हनलं, पंधरा पाव्हने बसलेत अन् ही नवी बाई एक कप द्यायला तयार न्हाई. बहोत कंजूस दिसती."

मग त्यांनी मला मुठीचा अर्थ सांगितला. मी हातातल्या गजाकडं बघितलं. गज धरायला मूठ वळावीच लागते.

त्यानंतर त्या माणसानं जे केलं, त्यासाठी मी त्यांना जन्मभर मानलं. दोन थाळ्यांत पंधरा कप भरले, एक थाळी माझ्या हातात दिली, एक स्वतः घेतली, आणि माझ्या पुढं चालत कोपऱ्यावरच्या दुकानात शिरले. त्या आजोबांसमोर थाळी ठेवून म्हणाले, "बाबा, कसूर माझा हाय. बाईनं तीनदा सांगितलं, माझं ध्यान नव्हतं. चहा तिच्या दुकानाचा हाय, हिथं बसून प्या नाहीतर तिथं बसून प्या." आजोबा हसले. चहा तिथंच प्यायले आणि उठून परत माझ्या गादीवर आले. कोपऱ्यावरचा दुकानदार महिनाभर काकाजींशी बोलला नाही. स्वतःच्या चहाच्या रोजच्या गिऱ्हाइकाला दुखवून शेजारणीची चूक आपल्या डोक्यावर घेणारा माणूस मी आधी पाहिला नव्हता आणि नंतरही फार पाहिले नाहीत.

मी गज खाली ठेवून हात वर करायला शिकले. पुढं तर इतकी तयार झाले, की अद्रक जास्त, साखर कमी, एक कप बिनदुधाचा, हे सगळं मी बोटांनी सांगायचे आणि ते मान हलवायचे. मूठ मात्र मी फारशी वळली नाही. मला जमायचंच नाही. काकाजी चिडवायचे, "तुमच्या चहानंच दुकान बुडंल एक दिवस."

पुढं आठ-दहा वर्षांनी एकदा दुपारी मी हॉटेलात मागच्या दारानं गेले. स्टोव्ह बंद होता, त्यात रॉकेल भरत काकाजी माझ्याकडं पाठ करून बसले होते. एरवी तो भर्र आवाज करणारा स्टोव्ह दिवसभर पेटलेला असायचा, त्याच्यापुढं कुणाचंच कुणाला ऐकू यायचं नाही. त्या दिवशी इतकं शांत होतं, की माझ्या बांगड्या वाजल्या तरी कळलं असतं. मी हाक मारली. परत मारली. अगदी जवळ जाऊन मारली. त्यांनी मानही वळवली नाही. खांद्याला हात लावल्यावर दचकले, आणि माझा चेहरा बघून त्यांना कळलं की मला कळलं.

"कितीक वर्षं झाली?" मी विचारलं.

"तुमी गज धरून वरडत व्हत्या ना, तवाबी कमीच येत व्हतं. आता बिलकुल न्हाई. स्टोनं खाल्ले कान. तोंड समोर असलं की बराबर समजतं." मग माझे दोन्ही हात धरून म्हणाले, "बेटा, कुनाला सांगू नका. पोराला कळलं तर घरी बसवंल. घरी बसून मी काय करू? भिताडं बघू?"

मी शब्द दिला. खरं सांगते, तो शब्द द्यायला मला अभिमानच वाटला. गल्लीतलं सगळ्यांत मोठं गुपित माझ्याकडं होतं.

आणि मग गल्ली बदलायला लागली. शहराभोवती लोखंडाचे कारखाने होते, बियाणांच्या कंपन्या वाढत होत्या, बाहेरून साहेब लोक आले, त्यांच्या बायका आल्या, पलीकडच्या मोकळ्या जागांवर बंगले उठले. तेलाचं दुकान गेलं, तिथं संगणकाचा क्लास आला. शिंप्याच्या जागी तयार कपड्यांची शोरूम. मी त्या बदलाला नावं ठेवणाऱ्यांतली नाही. शोरूममध्ये मुली स्वतःच्या हातानं कपडे काढून बघायला लागल्या, दुकानदार दाखवील तेवढंच बघायची सक्ती गेली, हे मला फार आवडलं. पण दुकानांना काचा आल्या. काचेच्या आत गारवा, आणि जालन्याच्या उन्हात कापड विटू नये म्हणून काचेवर काळी फिल्म. बाहेरून बघितलं तर आपलंच तोंड दिसायचं. आतला हात कुणाला दिसणार? चहा फोनवर सांगायला लागले. फोन काकाजींच्या मुलाकडं.

या मुलावर माझा राग होता. पुण्याला शिकून आला आणि बापाच्या हॉटेलाचं त्यानं कॉफी हाऊस केलं. फुसफुस वाफ सोडणारं मशीन, गुबगुबीत खुर्च्या, उंच ग्लासात थंड कॉफी आणि तिच्यावर चॉकलेटच्या रेघा. आमच्याकडं कॉफी म्हणजे जायफळ घालून पाहुण्यांना द्यायची, तीही परतूरहून माझी नणंद आली तर. "रेघा ओढलेलं दूध कोण पिणार?" असं मी गल्लीभर बोलत फिरले. महिन्याभरात कॉलेजच्या मुली तिथं वह्या उघडून बसायला लागल्या. एक दिवस तो मुलगाच मला बोलवायला आला, "काकी, तुमी एकदा बसा तरी." मी बसले. जन्म ज्या गल्लीत गेला तिथल्या हॉटेलात, चाळिशी उलटल्यावर, पहिल्यांदा खुर्चीवर बसून काहीतरी प्यायले. कुणी वळून बघितलं नाही. ती कॉफी मला इतकी आवडली की मला माझाच राग आला.

त्यानं एक गोष्ट मात्र अजब केली होती. सगळं हॉटेल काचेच्या आत घेतलं, आणि चहाचा स्टोव्ह तेवढा बाहेर, रस्त्याच्या तोंडावर, जिथं सगळ्यांत आधी नजर जाते तिथं ठेवला. तिथं काकाजी. मला वाटलं, म्हातारा मिशीवाला दाखवून गिऱ्हाईक ओढायची युक्ती आहे.

दोन हजार दोन-तीनपर्यंत गल्लीत उघडं दुकान माझं एकटीचंच उरलं. काकाजींना थेट मिळणारी ऑर्डर फक्त माझ्या हाताची. मी काच लावली की त्यांना कुणी हात दाखवणारं उरणार नाही, दिवसभर ते नुसते उभे राहतील, आणि मग मुलगा म्हणेल, बाबूजी, आता घरी बसा. हे मला स्वच्छ दिसत होतं. इकडं आमचे हे मागं लागले होते. धूळ बसते, साड्या विटतात, बस्त्याची मंडळी गारव्याच्या दुकानात जातात. खरंच जात होती. काचवाला तीनदा माप घेऊन गेला, तिन्ही वेळा मी नंतर बघू म्हणून परत पाठवला. नवऱ्याला कारण सांगता येईना. ते चिडून म्हणाले, "तुला काचेचं वावडं आहे का?" मी म्हटलं, "आहे." त्या दिवाळीला आमच्याकडं कधी नव्हे इतका माल पडून राहिला.

एका दुपारी काकाजींचा मुलगा दुकानात आला. गादीच्या कडेला बसला. "काकी, काचवाला आमच्याकडं कॉफीला येतो. तीनदा माप घेऊन गेला म्हनला. तुमी का लावत न्हाई?"

"मला नाही आवडत."

"बाबूजींसाठी ना?"

मला खोटं बोलता येतं, पण त्याच्याकडं बघून येईना.

"त्यांना ऐकू येत न्हाई, हे मला आठवीत असल्यापासून माहीत हाय," तो म्हणाला. "घरी बसवायचं असतं तर मंग कवाच बसवलं असतं. कॉफी हाऊसचा नकाशा काढणारा म्हनत व्हता, पुढची जागा वाया चालली. मी म्हनलं, स्टो तिथंच राहील. त्यांना तिथून सगळ्यांची तोंडं दिसतात. तुमच्या दुकानाला काच लागली तरी ते तिथंच राहतील. मी लोकांना सांगीन, चहा पाहिजे तर समोर जाऊन मागा."

मला त्याच्यासमोर लाज वाटली. ज्या मुलाला मी चार वर्षं नावं ठेवली, त्यानं सगळ्यांत महाग जागा बापाला देऊन टाकली होती आणि कुणाला कळूही दिलं नव्हतं.

"तुला कुणी सांगितलं?" मी विचारलं.

"आईनं. म्हनायची, आपल्याला माहीत हाय हे त्यांना कळू देऊ नको, त्यांना शरम वाटंल. तिला तर लई आधीपासून माहीत व्हतं."

तेवढ्यात तो बोलायचा थांबला. मी वळून बघितलं. पायरीवर काकाजी उभे होते, हातात दोन कप. मुलाचं तोंड त्यांच्यासमोरच होतं. किती वेळ उभे होते, कोण जाणे. मुलगा उठायला लागला. त्यांनी नजरेनं त्याला बसवलं, कप गादीवर ठेवले आणि त्याच्या तोंडाकडं बघत विचारलं, "तिला माहीत व्हतं?"

मुलानं मान हलवली. त्याची आई जाऊन तेव्हा आठेक वर्षं झाली असतील. मी तिला ओळखत होते. चारचौघांत पदर हनुवटीपर्यंत ओढणारी, आवाज न काढणारी बाई.

काकाजी खाली बसले. बराच वेळ त्यांनी आमच्याकडं बघितलं नाही, म्हणजे आम्हाला काही बोलताही येईना. मग पंच्यानं तोंड पुसलं.

"घरात काहीबी बोलायचं असलं की पदर वर करून डायरेक्ट माझ्यासमोर येऊन बसायची," ते म्हणाले. "चूल सोडून यायची. दूध उतू गेलं तरी यायची. मी लई वेळा वरडलो तिच्यावर. मला वाटायचं, भांडायला येती."