विषय: कुलूप लावून मिळणेबाबत

आधी माफी मागतो. आमच्या घरात आजवर जे लिहिलं गेलं ते अर्जापुरतं, आणि तेही बहुधा दुसऱ्याकडून लिहून घेतलेलं. त्यामुळे मी आठवणी वगैरे लिहायला बसणं जरा जास्तच आहे. पण कॉलेजात गेलेला घरातला पहिला मीच, म्हणून अगाऊपणाचा मानही माझाच असावा.

मी शेवटच्या वर्षाला होतो. एका मोफत सॉफ्टवेअर बनवणाऱ्या परदेशी मंडळींनी शिकाऊ विद्यार्थी घ्यायचं ठरवलं होतं. अट एकच: आमच्या प्रोग्राममधली एक खरी चूक दुरुस्त करून दाखवा. प्रोग्राम व्हर्च्युअल मशीनचा, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत आणखी एक खोटा कॉम्प्युटर चालवणारा. माझा खरा लॅपटॉपच धड चालत नव्हता, त्याच्या आत मी दुसरा चालवायला निघालो. यावरून माझी हुशारी लक्षात यावी.

बाबा चिखल्याच्या खाणीवर ट्रक चालवतात. त्यांनी आपल्या मालकाकडे माझ्यासाठी वजनकाट्यावर मुनशीची जागा बोलून ठेवली होती. मालक सोमवारपर्यंत थांबणार होता. तोवर दुरुस्ती मान्य झाली नाही, तर माझी पदवी भरलेले ट्रक मोजायला कामी येणार होती.

"काय करून राहिला बाबू?" बाबांनी एकदा विचारलं.

"मशीन अडकते बाबा. चालता चालता मधीच."

"कोणती मशीन?"

"कॉम्प्युटरच्या आतली."

"मंग बाहेर काढून पाय ना."

"बाहेर नाही निघत. ते खरी नाहीच."

बाबा आईकडे वळले. "आयकलं का? पोरगा नसलेली मशीन दुरुस्त करून राहिला. अन् मी येडा, असलेल्या ट्रकचा क्लच घेऊन बसलो."

ती परदेशी मंडळी म्हणायची, आमच्याकडे तर काही अडकत नाही. त्यांच्या वेगवान कॉम्प्युटरवर अडकत नसेलही. माझ्या जुन्या लॅपटॉपवर मात्र ती मशीन इमानदारीने अडकायची. गरिबीचा असा तांत्रिक उपयोग होईल असं कुणी सांगितलं नव्हतं.

नेमकं कुठे अडकते ते पाहायला मी मध्ये एक ओळ घातली, 'इथवर आलो' एवढंच छापणारी. आणि मशीन अडकायची थांबली! मी आनंदाने ओरडलो. आईने ते विहारात सांगितलं. दुसऱ्या दिवशी ओट्यावर दोन मिक्सर आणि एक टेबलफॅन येऊन बसले. "इंजिनियर आहेस ना रे, पाह्यून दे," शेजारची काकू म्हणाली. पंखा मी उघडला. नंतर तो लावता आला नाही. इकडे ती ओळ काढली, तर मशीन पुन्हा अडकली.

मग कारण शोधत बसलो. आतल्या मशीनला दोन प्रोसेसर. पहिला बघतो, काम आहे का? नसलं की झोपतो. पण बघणं आणि झोपणं यांच्या मधल्या क्षणात दुसरा काम ठेवून हाक मारून मोकळा होतो. ती हाक फक्त झोपलेल्यालाच उठवते, आणि पहिला अजून झोपलेला नसतो. मग तो निवांत झोपतो, ते कायमचं. माझी ओळ छापण्यात थोडा वेळ जायचा आणि हा योग हुकायचा, बस. उपाय असा की बघणं आणि झोपणं एकाच कुलपाखाली आणायचं, आणि दुसऱ्यानेही तेच कुलूप घेऊन काम ठेवायचं. कुलूप म्हणजे एका वेळी एकालाच आत घेणारी सोय; पहिला झोपला की ते आपोआप सुटतं. सगळ्या मिळून चार ओळी.

त्या चार ओळींसोबत मी अर्ज लिहिला. इंग्रजीत, पण थाट आमच्या तहसीलचा. विषय: कुलूप लावून मिळणेबाबत. महोदय, सविनय विनंती की अर्जदार गरीब कुटुंबातील असून वडिलांचा व्यवसाय ट्रक चालक आहे, तरी सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा. शिष्यवृत्तीसाठी इतकी वर्षं हेच लिहिलं होतं. अर्ज म्हणजे आणखी काय असतं?

दुसऱ्या दिवशी दुरुस्त्या तपासणाऱ्यांचं उत्तर आलं: मी महोदय नाही, बाई आहे. तुमच्या वडिलांना नमस्कार. पण त्यांच्या व्यवसायावरून मशीन का अडकते ते कळत नाही. कारण लिहा.

उत्पन्नाचा दाखला जोडायचा राहिला होता, ते एक बरं झालं. कान लाल करून मी पुन्हा लिहिलं. यावेळी फक्त दोन प्रोसेसर, ती वाया गेलेली हाक आणि कुलूप. सहानुभूती मागितली नाही. फार उघडं वाटलं, टोपी न घालता उन्हात गेल्यासारखं.

त्यानंतर तिकडून उत्तर आलं नाही. सोमवारी सकाळी मी इस्त्रीचा शर्ट घालून बाबांच्या शेजारी ट्रकमध्ये बसलो. मोहाडी मागे पडली.

"तोंड काहून पाडलं? काट्यावर सावली असते," बाबा म्हणाले.

"मी कुठं काय म्हटलं?"

"तेच तं. काही तं म्हण."

तुमसरच्या अलीकडे फाटक बंद होतं. मालगाडी जाईपर्यंत मी फोन काढला. रिचार्ज संपत आल्याच्या दोन सूचनांच्या खाली त्या तपासणाऱ्या बाईंचा मेल होता: कारण पटलं, दुरुस्ती घेतली, एक तारखेपासून तुम्ही आमचे शिकाऊ.