मामांच्या यादीत नसलेलं पॅनल

लॉन्ड्रीच्या कारखान्यात त्यांना सगळे मामा म्हणत. खरे मामा ते एकीचेच. भाची तीन वर्षांपूर्वी तिथे इलेक्ट्रिशियन म्हणून लागली, 'मामा, मामा' करत त्यांच्या मागे फिरली, आणि बघता बघता मॅनेजरसकट सगळ्यांनी मामांना वाटून घेतलं. महिनाअखेरीस मामा निवृत्त होणार होते आणि विजेची सगळी पॅनल्स भाचीच्या हाती जाणार होती. मामांची स्वारी खुशीत होती.

एक काम तेवढं उरलं होतं. चालू पॅनलमध्ये शॉर्ट झालं की क्षणात जाळ उसळतो; त्याला आर्क फ्लॅश म्हणतात. कुठला जाळ किती लांब पोचेल आणि समोरच्यानं कुठले कपडे घालायचे, हे तपासायला बाहेरून एक इंजिनिअर बाई आल्या होत्या. कोणती पॅनल्स तपासायची ती यादी मामांनी द्यायची. जे यादीत नाही, ते पुढे भाची साध्या शर्टातच उघडणार.

मामांनी ऐटीत यादी पुढे केली. कपाटाएवढी नऊ पॅनल्स होती. बाईंनी नकाशावर ड्रायरमागच्या पेटीवर बोट ठेवलं.

"हे का नाही?"

"ते? टीचभर तर आहे!"

"आकार नका बघू. ट्रान्सफॉर्मर भिंतीपलीकडेच आहे, सगळा जोर इथे येणार. चालू असताना हे कोण उघडतं?"

"कोणी नाही."

भाची खोकली. "मामा, तू दर सोमवारी उघडतोस की."

"माझं काय धरायचं त्यात!"

सुट्टीनंतर ड्रायरचा कॉन्टॅक्टर, म्हणजे मोटर चालू करणारा स्विच, हटकून अडकायचा. मग मामा दार उघडून लाकडी काठीनं त्याला ढोसायचे. आठ वर्षं हेच चाललं होतं, आणि मामांना त्याचा चक्क अभिमान होता.

"आणि तुम्ही गेल्यावर?" बाईंनी विचारलं.

"काठी कुठे असते ते दाखवलंय मला मामानं," भाची म्हणाली.

मामांनी यादीत दहावं पॅनल लिहिलं. मग उठून मॅनेजरला सांगितलं, "ड्रायर बंद करतोय."

"आत्ता? मामा, कपडे न्यायला गाडी उभी आहे दारात!"

"राहू दे उभी."

भाचीनं मेन स्विच पाडला, कोणी चुकून चालू करू नये म्हणून त्याला आपलं कुलूप घातलं, वीज खरंच गेल्याची मीटरनं खात्री केली आणि जुना कॉन्टॅक्टर काढून नवा बसवला. काम अर्ध्या तासात उरकलं.

"मामा, एवढंच होतं?"

"एवढंच," मामा म्हणाले. आधी तेच हसले, मग सगळे हसले.

मेन चालू करायला मामांनी सवयीनं किल्लीसाठी हात पुढे केला. ज्याचं कुलूप त्यानंच काढायचं, हा नियम त्यांनीच तिला पहिल्या दिवशी शिकवला होता.

"कुलूप माझं आहे," भाची म्हणाली. "तू मागे हो."

मामा मागे झाले, आणि त्यांना फार बरं वाटलं.