आठशे शे

विसातून बारा गेले की आठशे उरतात, हे गणित जगात पहिल्यांदा फळ्यावर लिहिण्याचा मान माझा.

अंबडला कारखाने उभे राहत होते, ते दिवस. नाशिकच्या त्या अंगाच्या एका शाळेत मी तिसरीचा वर्ग घ्यायचो. कुणाचा बाप सुरगाण्याहून कामाला आलेला, कुणाचा कळवणहून. जवळच्या मळ्यांतली मुलं होती, नोकरदारांचीही होती. त्यात एका सोमवारी सटाण्याकडची एक मुलगी दाखल झाली. घट्ट दोन वेण्या आणि त्याहून घट्ट मिटलेलं तोंड. तिची भीड चेपावी म्हणून मी तोंडी गणित घातलं, वीस वजा बारा, आणि विचारलं, "तुझं उत्तर काय आहे?"

"आठ शे, गुरुजी."

"आठशे?" मी खडू उचलला, फळ्यावर ठळक ८०० काढले आणि वर्गाकडे वळलो. "वीस लाडवांतले बारा खाल्ले, तरी आठशे उरले! लग्नात कोठीची किल्ली या बाईंकडेच द्या रे!"

वर्ग लोळायचा बाकी राहिला. माझ्या विनोदाला एवढी दाद क्वचितच मिळायची, त्यामुळे मी खुशीत होतो. मुलगी खाली बसली.

रात्री जेवताना हाच विनोद मी बायकोला ऐकवला. ती हसली नाही.

"अहो, बरोबर सांगितलं की तिनं. आमच्याकडे 'आहे'ला 'शे' म्हणतात. आठ शे, म्हणजे आठ आहे."

बायकोचं माहेर सटाण्याचं. सासूबाई माझ्याशी तासतासभर अहिराणीत बोलायच्या आणि मी मान डोलवायचो. जावयाकडून त्यांना तेवढं पुरायचं. मलाही.

"अगं, पण तुझ्या तोंडून कधी ऐकलं नाही."

"या घरात कुठे म्हणते मी?" असं म्हणून ती भाकरी उलटायला वळली.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात जाहीर केलं की मुलगी बरोबर आणि गुरुजी चूक. मुलांना ते पटलं, पण तोवर तिचं बारसं उरकलं होतं. "ए आठशे, पाणी प्यायला चल!" "आठशे, तुझी पेन्सिल पडली!" ती पाटीवर अचूक उत्तर लिहून वर धरायची, पण तोंडातून एक अक्षर काढेना. मी सरळ विचारलं, लाडीगोडी लावली, गोष्ट सांगितली. पाटी वर, तोंड बंद.

गुरुवारी तिचे वडील पाळी संपवून शाळेत आले. "गुरुजी, पोरगी शाळेचं नाव काढलं की रडते. रविवारी तिला आजीकडं सोडून येतो. तिकडं ती बोलायची तरी."

"शनिवारची शाळा होऊ द्या," मी म्हणालो. का म्हणालो, ते मलाही ठाऊक नव्हतं.

'ज्ञाताकडून अज्ञाताकडे' हे सूत्र ट्रेनिंगला असताना मी सुवाच्य अक्षरात लिहून चांगले गुण मिळवले होते. ज्ञात म्हणजे नेमकं कुणाला ज्ञात, हे विचारायचं तेवढं राहून गेलं होतं. आता वजाबाकीच्या पाठाचं टाचण मी नव्यानं काढायला बसलो आणि बायकोपुढे तालीम सुरू केली.

"विसमाईन बारा गयात, कितला उरनात?"

"मंगलाष्टकं म्हणताय का? साधं बोला!"

शनिवारी फळ्यावर चार शब्द लिहिले: आहे, हाय, शे, आहा. "आज उत्तर ज्यानं त्यानं घरी बोलतात तसं द्यायचं."

"नऊ हाय, गुरुजी!" मळ्यातला एकजण ओरडला.

"पाच आहा," सुरगाण्याचा लाजत म्हणाला.

"सात आहे," एका कारकुनाची मुलगी पडेल आवाजात म्हणाली. आपल्या घरी काहीच गंमत नाही, हे तिला त्या दिवशी कळलं असावं.

मग मी नव्या मुलीकडे वळलो आणि पाठ केलेलं वाक्य टाकलं. पण तालीम घरी आणि नाटक भलतीकडेच, अशी गत झाली. "विसमाईन बारा गयात, कितला... उरलात?"

खुदकन हसू आलं. तिचंच.

"उरनात, गुरुजी!"

मी धागा सोडला नाही. "बरं, उरनात. आता हे सांग. हजार विटा होत्या, दोनशे भिंतीला लागल्या. तुझं उत्तर?"

ती उभी राहिली. ओठ हलले आणि थांबले. पुढे काय म्हणावं लागणार, हे तिच्या ध्यानात आलं होतं. तिनं वर्गावर नजर फिरवली आणि मान ताठ करून म्हणाली,

"आठशे शे!"

वर्ग फुटलाच. "आठशे हाय!" "आठशे आहा!" पण त्याला ती चव येईना, हे सगळ्यांनाच कळलं. शेवटी मळा, डोंगर आणि कारकुनाचं घर एका सुरात "आठशे शे! आठशे शे!" करू लागले. शेजारच्या वर्गाच्या बाई दारात आल्या आणि माझ्याकडे पाहून तशाच परत गेल्या, कारण मीही ओरडत होतो.

शाळा सुटली तेव्हा वडील फाटकाशी उभे होते. "काय गं, उद्या आजीकडं जायचं ना?"

"नही. सोमवारले शाळा शे."

घरी येऊन मी हे सगळं साभिनय सांगितलं, 'उरलात' तेवढं वगळून. बायकोनं शेवटपर्यंत ऐकलं, स्टोव्ह बंद केला आणि माझ्यापुढे कप ठेवला.

"च्याना कप एक शे," ती म्हणाली. "एकशे नाही. निवायच्या आत प्या."