दहा मिनिटांची एक ओळ

आमच्या महिला मंडळाच्या फलकावर ‘आंतरराष्ट्रीय मैत्री व सांस्कृतिक देवाणघेवाण’ एवढं सगळं मावलं, पण पाहुण्यांच्या देशाचं नाव मावलं नाही. ते दुसऱ्या कापडावर लिहून खाली टाचावं लागलं. युरोपच्या पार उत्तरेकडून चार बायका यायच्या होत्या. चौघी आपापल्या गावच्या पुढारी, त्यातली एक मासेमारीच्या लहानशा बंदराची नगराध्यक्ष. बरोबर त्यांच्या संस्थेचा समन्वयक, एक उंचच उंच गृहस्थ. मी डहाणू रोडच्या शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेली, वर मंडळाची चिटणीस, म्हणजे दुभाषीही मीच. या मानाने मी जरा फुगले होते, हे आधीच कबूल करून टाकते.

पहिल्या दिवशी नरपडच्या एका चिकूच्या वाडीत गप्पांचा कार्यक्रम होता. आमच्यातल्या एकीने पहिलाच प्रश्न विचारला, “काय हो, तुमच्याकडचे नवरे भांडी घासतात का?”

फलकावर आंतरराष्ट्रीय मैत्री आणि हिच्या डोक्यात भांडी! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी घसा खाकरून इंग्रजीत विचारलं, की आपल्या देशात घरगुती श्रमांच्या विभागणीचं स्वरूप नेमकं कसं आहे? नगराध्यक्षबाईंनीही मग तसंच उत्तर दिलं, कायदे, धोरणं, रजा वगैरे. ते मी आणखी शुद्ध मराठीत सांगितलं. बायका जांभया द्यायला लागल्या. मला मात्र वाटत होतं, वा, काय दर्जेदार चाललंय.

दुसऱ्या दिवशी तलासरीकडच्या एका पाड्यावर जायचं होतं. पाहुण्यांचं खरं आकर्षण तेच. तिथल्या ग्रामपंचायतीची सरपंच बाई आहे हे त्यांनी ऐकलं होतं, आणि तिला भेटायचंच असा त्यांचा हट्ट होता. आदल्या संध्याकाळी मला त्या सरपंचबाईंचा फोन आला. आवाज अगदी दबका.

“बाई, उद्या मलाच बोलू द्याल ना? फोन ह्यांचेकडं असतो. हे आंघोळीला गेलेत म्हणून बोलते. दोन वर्षं झाली, मला कोणी काय विचारतच नाय.”

मी मोठ्या तोऱ्यात म्हणाले, “काळजीच करू नका.” कशाच्या जोरावर म्हणाले, देव जाणे.

कारण दुसऱ्या दिवशी पंचायतीत पोचलो तर खुर्चीवर सरपंचबाईंचे यजमान. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, हातात दोन मोबाइल. पाड्यातली माणसं त्यांना ‘सरपंच’ म्हणत होती आणि सरपंचबाईंना ‘सरपंचांची बायको’. त्या भिंतीकडेच्या बाकावर नवं लुगडं नेसून ताठ बसल्या होत्या. पाहुण्यांना फुलं देऊन झाल्यावर नगराध्यक्षबाईंनी थेट त्यांच्याकडे बघून विचारलं, “सरपंच म्हणून तुम्ही केलेलं सगळ्यात महत्त्वाचं काम कोणतं?”

मी मराठीत सांगायचा अवकाश, यजमान सुरू झाले. रस्ता, रस्त्याची मंजुरी, मंजुरीसाठी मारलेल्या खेपा, खेपांमध्ये भेटलेले साहेब, एकेका साहेबाचा स्वभाव. दहा मिनिटं झाली तरी गाडी साहेबांवरून हलेना. मी बाकाकडे पाहिलं. सरपंचबाई माझ्याकडेच बघत होत्या. रागाने नाही, नुसत्या बघत होत्या, आणि तेच मला सोसवेना.

यजमान श्वास घ्यायला थांबले. मी पाहुण्यांकडे वळले आणि गोड आवाजात इंग्रजीत म्हणाले, “ते सांगतायत, की हे सारं माझ्या पत्नीने केलंय, तेव्हा तिलाच विचारा.”

पाहुण्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. एकीच्या डोळ्यांत तर पाणी आलं. साहेबांच्या वर्णनाला गावात कधी टाळी पडली नसावी. यजमान उठून उभे राहिले आणि त्यांनी चारी दिशांना हात जोडले. पाहुण्यांनी खुर्च्या फिरवून बाकाकडे तोंड केलं.

मी बाकाजवळ जाऊन बसले, तशा सरपंचबाई बोलण्याआधी माझ्या कानाशी वाकल्या. “बाई, ह्यांचं धा मिन्टांचं तुमी एका ओळीत सांगितलं. इंग्लिश एवढी आखूड असते काय?”

मी उगाच पदर सारखा केला.

“ह्यांचं कापलंत, बरं केलंत. पण माझं कापू नका. चांगलं पण करू नका. मी बोलते तसंच सांगा.”

तीस मुलांच्या वर्गात शिक्षण अधिकाऱ्याने कान उपटावेत तशी माझी अवस्था झाली. नरपडची भांडी डोळ्यांसमोर आली. तिथे मी त्या बिचारीचा प्रश्नच पळवला होता.

सरपंचबाई बोलल्या. “ग्रामसभा सकाळी अकराला ठेवायचे. तवा बायका कुठं असतात? वाडीवर मजुरीला. मंग पुरुष चार सह्या करून घरी. मी बोलले, सभा बाजाराचे दिवशी ठेवा. त्या दिवशी बाई कामाला जात नाय. हे बोलले, कोणी येणार नाय. पण बायका आल्या. टोपल्या घेऊन, पोरं घेऊन आल्या, बसायला जागा नव्हती. हातपंप बंद होता, त्याचं आधी झालं. रस्त्याचं मागून.”

मी एकेक शब्द सांगितला, टोपल्यांसकट. इंग्रजी ओबडधोबड झालं असेल, पण चौघी पुढे सरकून ऐकत होत्या. नगराध्यक्षबाई म्हणाल्या, “आमच्या सभा रात्रीच्या जेवणाच्या वेळी असायच्या. लहान मुलांच्या आया यायच्याच नाहीत. ती वेळ बदलायला मला तीन वर्षं लागली.”

हे ऐकल्यावर सरपंचबाईंना जोर चढला. त्यांनी विचारलं, “मंग तुमचे गावात तुमचं बोलणं कोण बोलतं?”

मी तसंच्या तसं विचारलं. नगराध्यक्षबाईंनी तोंड उघडलं, आणि मागून समन्वयक म्हणाला, “याबाबतीत मी थोडं स्पष्ट करतो. आमच्या देशात स्त्रिया पूर्णपणे स्वतः…”

 मग नगराध्यक्षबाईंनी कपाळाला हात लावला आणि चौघी खो खो हसत सुटल्या. मी काही सांगायच्या आतच दारात गर्दी करून उभ्या असलेल्या पाड्यातल्या बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. एकीला तर उंबऱ्यावर बसावं लागलं. समन्वयकाचे कान लाल झाले. इतकी वर्षं ‘देवाणघेवाण’ हा शब्द मी अहवालांत लिहीत आले, पण ती होताना पहिल्यांदाच पाहत होते, आणि मला फार बरं वाटलं.

सरपंचबाई मात्र हसल्या नाहीत. त्या नवऱ्याकडे वळल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “तुमी जरा चहाचं बघा.”

यजमानांनी इकडेतिकडे पाहिलं. टाळ्या वाजवणारं कोणी नव्हतं. ते उठले. नगराध्यक्षबाईंनी समन्वयकाकडे नुसती नजर टाकली, तर तोही दारात डोकं वाकवून यजमानांच्या मागोमाग गेला. मग सरपंचबाई आणि नगराध्यक्षबाई बोलायला लागल्या. चहा यायला पाऊण तास लागला आणि आला तो बिनसाखरेचा, पण तोवर त्यांना मधेच तोडायची कोणाची छाती झाली नाही, माझीसुद्धा.